दोनशे माणसांचा टोप

सत्काराला शाली किती आणायच्या यावर आत्माराम साळवींनी आपल्याच मनाशी दोन दिवस वाद घातला आणि शेवटी तीन आणल्या. दोन दोघी बायकांना आणि तिसरी 'मार्गदर्शना'साठी. मार्गदर्शन कोणाचं, हे सांगायला ते फार नम्र होते. इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या एका सोसायटीचे ते सेक्रेटरी, आणि नम्रपणाही ते बाकीच्या कामांसारखाच स्वतः पुढे होऊन करत.

जुलैत पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरची माणसं मंदा आणि जुडिथ या दोघींनी जिन्यापर्यंत सुखरूप नेली, याबद्दल दुमत नव्हतं. मंदा तळमजल्यावरच राहायची, जेवणाच्या ऑर्डरी घ्यायची. जुडिथ किनाऱ्यावरच्या पालीहून येऊन गेटपाशी मासळी विकायची. त्या दिवशी तीही अडकली. मंदाकडे दोनशे माणसांच्या पुलावाचा टोप होता. दोघींनी तो पाण्यात सोडला, एकेकाला आत बसवलं आणि छातीभर पाण्यातून ढकलत नेलं. साळवी मात्र, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, सोसायटीच्या ऑफिसातून "पाणी कापत" बाहेर पडले आणि दोघींना "डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या" सांगत राहिले.

खरं सांगायचं तर साळवी ऑफिसातल्या टेबलावर उभे राहून देवाचा धावा करत होते आणि जिन्यापर्यंत आले ते त्याच टोपात बसून. टोपाची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे घट्ट मिटून. डोळे मिटल्यामुळे त्यांना कोणी दिसलं नाही, आणि ज्याअर्थी कोणी दिसलं नाही, त्याअर्थी कोणी पाहिलंही नाही, असा त्यांनी जमाखर्च जुळवला होता. उरल्या त्या दोघी. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे विसरल्या असणार.

सत्कार पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर ठरला. चार दिवस आधी मंदा म्हणाली, "भाऊ, स्टेजवर टोप पण ठेवू या का? हार घालू त्याला. खरं काम त्यानेच केलंय."

साळवींनी घाईने हिशेब केला. टोप स्टेजवर आला की त्याची हकीकत निघणार, हकीकत निघाली की त्यात कोण कोण बसलं तेही निघणार.

"टोप स्टेजवर ठेवलास तर जेवण कशात करशील?"

"जेवण आहे? तुम्ही तर चहा-बिस्किट बोललेलात."

"पुलाव आहे," साळवी म्हणाले. तो त्या क्षणापर्यंत नव्हता. "त्याच टोपात कर. शुभ असतं."

"आनि भाषन?" जुडिथने मासळीच्या पाटीवरून मान वर न करता विचारलं.

"सत्कारमूर्तींनी बोलू नये, जुडिथबाई. गहिवरून येतं."

"माला न्हाय येत गहिवर. मी बोलनार हाय."

तेव्हा भाषणं जेवणानंतर ठेवली. जेवल्यावर कोणी थांबत नाही, हा साळवींचा अनुभव होता.

घरी त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंनी विचारलं, "पुलाव? आणि त्याच टोपात?"

"त्याच. लोकांची इच्छा आहे."

"बघा बाबा," म्हणत त्या घाईने स्वयंपाकघरात गेल्या. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

झेंडावंदन झालं, नारळ-शाली झाल्या, तिसरी शाल साळवींनी संकोचाने खांद्यावर घेतली. जेवणाची रांग लागली. पापड संपले, कोशिंबीर तळाला गेली, जिलेबीवर तर उड्या पडल्या. पण पुलावाच्या टोपापाशी आली की रांग वळण घेऊन पुढे सरकायची. मंदा डाव धरून उभी होती. पहाटेपासून तिने कांदा चिरला होता. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, मीठ जास्त झालं का हो?" तिने हळूच विचारलं.

साळवींना ते बघवेना. पहिल्या मजल्यावरचे जितेंद्र शाह रिकामी प्लेट घेऊन घुटमळत होते; त्यांनी त्यांनाच पकडलं.

"जितेंद्रभाई, शुद्ध शाकाहारी आहे. घ्या."

"वो तो मालूम है, साळवीभाई. टोप तोच ना, पाण्यातला?"

"तोच. म्हणून तर मान त्याला."

"हां, मग..." जितेंद्रभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे बाकी लोक बसले त्याचं काय नाय. पण तुम्ही चपला घालून बसलेलात."

साळवींनी खांद्यावरची शाल सावरली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आख्खी बिल्डिंग गॅलरीत होती."

"मी तर वरून हाकाही मारल्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुम्ही डोळेच उघडेनात."

"मग महिनाभर बोलला नाहीत ते?"

"तुम्ही पाणी कापत आलो म्हणालात. म्हटलं, कापलं असेल."

"टोप म्या सोता घासलाय," जुडिथ पुढे झाली. "चिंच लावून, राख लावून. ह्यांच्या चपलांची घान काय, ह्यांचं पापबी निघालं असंल."

हसण्याची लाट आली. एकटी मंदा हसली नाही. ती भरल्या टोपाकडे बघत होती. साळवींनी तिच्याकडे पाहिलं, एक प्लेट उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"वाढ. या टोपाने मला इथवर आणलंय, पहिला घास माझा."

सगळ्यांसमोर उभ्याने त्यांनी प्लेट चाटूनपुसून संपवली आणि माइक हातात घेतला. "मला या दोघींनी आणलं," ते म्हणाले. "मार्गदर्शन वगैरे काही झालं नाही."

"झालं की," जुडिथ म्हणाली. "बुडालो, बुडालो म्हनून वरडत व्हते. त्या आवाजावर मागच्यांना वाट गावली."

जितेंद्रभाईंनी प्लेट पुढे केली. रांग हलली. मंदाचा डाव थांबेना; अर्ध्या तासात तळ खरवडायची वेळ आली. मग साळवींनी खांद्यावरची शाल उतरवून रिकाम्या टोपाला गुंडाळली, आणि जुडिथने पाण्याच्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली, गहिवर न येता. जेवून कोणीही घरी गेलं नव्हतं.

शेवटी फोटो काढायची वेळ आली तेव्हा जितेंद्रभाई म्हणाले, "साळवीभाई, एकदा बसा ना परत."

साळवींनी मान वर केली. या खेपेला डोळे चांगले उघडे होते, आणि फोटो घ्यायला वरच्या गॅलऱ्यांत जाऊन उभा राहिलेला एकेक माणूस त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांनी टोपाची कड धरली, एक पाय उचलला, तो पुन्हा खाली ठेवला, आणि आधी चपला काढल्या.