माणिकबाईचा अंगठा

"अळी निघाली," चंद्रभान मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागदाची पुडी माणिकबाईच्या तराजूत ठेवली.

पुडीत खरंच अळी होती. गुलाबी, गुटगुटीत, खात्यापित्या घरची दिसत होती.

"व्याह्याच्या ताटात निघाली. तुमच्या वांग्यातली."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भाजीबाजारात माणिकबाईचं वांगं कोणी चिरून मागत नसे. ती वांगं हातात घ्यायची, देठापासून बुडापर्यंत एकदा अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "न्या." ते "न्या" कोर्टाच्या निकालासारखं होतं. दुसऱ्या दुकानातून वांगी घेतलेली माणसंसुद्धा जाताजाता तिच्याकडून अंगठा फिरवून नेत. चाळीस वर्षांची ही पुण्याई एका अळीने तराजूत बसून खाल्ली.

"तीन हप्त्यानं आमच्याकडे रोडगे हायेत. दीडशे पान," मास्तर म्हणाले. "वांगे तुमच्याकडूनच नेईन. पन पुन्हा अळी निघाली, तं साऱ्या बाजारात सांगीन. मास्तर मानूस हाव, खोटं बोलनार नाई."

वऱ्हाडात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांसोबतची वांग्याची भाजी बिघडली, तर लोक रोडगे विसरतात, पण वांगी विकणारीला विसरत नाहीत. मास्तर गेल्यावर माणिकबाईने डोळे मिटून एका वांग्यावर अंगठा फिरवला. काही कळलं नाही. दुसऱ्यावर फिरवला. वांगं आहे की वाटी आहे, तेसुद्धा कळेना. मग तिला आठवलं, हल्ली चुलीवरचा तापलेला तवा ती नुसत्या हाताने उतरवायची आणि घरचे कौतुक करायचे. कौतुक कसलं, बोटं केव्हाच बधिर झाली होती.

घरी जाऊन तिने नवऱ्याला पुडी दाखवली. देवीदासने ती डोळ्यांजवळ नेली.

"शेंगदाना हाय," तो म्हणाला आणि तोंडात टाकणार, इतक्यात तिने हात धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा फळवाला अय्युब म्हणाला, "माणिकबाई, वय झालं. अंगठा पार चप्पलचा तळवा झाला तुमचा. आमच्या गजालाले दाखवा."

गजाला ही अय्युबची सून. गल्लीत तिचं पार्लर होतं, आणि मोबाइलवर शिकलेल्या सगळ्या तज्ज्ञांप्रमाणे तिलाही दयामाया नव्हती. तिने माणिकबाईचा हात धरला.

"मौसी, टोचते का?"

"टोचून पाय, मंग सांगतो."

"कवाची टोचून राहिली मी!" गजालाने पिन खाली ठेवली. "तुमचं स्किन बॅरियर खतम हाय."

"थे कधी होतं मले?"

गजालाने एक चिमुकली बाटली काढली. "कोरियाची हाय. गोगलगायीच्या लाळेची."

"व माय! जन्मभर पालकातल्या गोगलगायी वेचून फेकल्या, आन आता त्याह्यचा थुका इकत घेऊ?"

"फेकल्या म्हनूनच हात असा झाला ना, मौसी."

या शास्त्रापुढे माणिकबाईचं काही चाललं नाही.

पहिल्या दिवशी ती हात माखूनच दुकानावर बसली. तिने हाताळलेली वांगी आरशासारखी चमकू लागली. गिऱ्हाइकं म्हणाली, "मेण लावलं का व, बाई?" म्हणून दुसऱ्या दिवशी तिने हातात देवीदासचे मोजे घातले. मोजे पाहून लोक दोन पावलं मागे सरले, आणि दुपारपर्यंत माणिकबाईला कातडीचा रोग झाल्याची बातमी मोर्णा नदीपलीकडे पोचली. तिसऱ्या दिवशी तिने चिडून खरं काय ते सांगून टाकलं.

"अवो, रोग नाई! गोगलगायीची लाळ लावली हाय!"

त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. ताजी मेथी घेऊन उभ्या असलेल्या गीतांजलीबाईंनी जुडी परत ठेवली. "मेथीलेही लागली असन का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता त्या गेल्या. त्यांच्यामागून निम्मा बाजार गेला. चेहऱ्याला तीच लाळ फासून आलेल्या दोन मुलीसुद्धा नाक मुरडून गेल्या. फक्त त्यांच्या बाटलीवर नाव इंग्रजीत होतं.

तेव्हापासून माणिकबाई दुपारी घरी जाऊन मलम चोळू लागली. बाजारात हात स्वच्छ धुऊन येई, पण गिऱ्हाइकं काही परतली नाहीत. माश्या मारता मारता तिला एकच घोर लागला होता, मास्तरांच्या रोडग्यांचा. तिथे अळी निघाली असती, तर दुकान उचलून घरी बसण्याशिवाय इलाज नव्हता.

सतराव्या दिवशी तिने टोपल्यात हात घातला आणि किंचाळली, "व माय व!"

अय्युब पपई टाकून धावला. "काय झालं?"

"काटा! वांग्याचा काटा टोचला, अय्युबभाई!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मुबारक हो!" अय्युब म्हणाला.

रोडग्यांच्या दिवशी ती पहाटेच उठली. रोज देवीदास हर्रासीतून, म्हणजे भाजीच्या लिलावातून, माल आणायचा, अंगणात बसून टोपलं भरायचा आणि तिच्या पुढ्यात ठेवायचा. टोपलं भरायला तासभर का लागतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आज त्याने भरलेल्या टोपल्यातलं पहिलं वांगं तिने उचललं. अंगठ्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र लागलं. दुसऱ्यालाही लागलं. आणि पलीकडे बकरीच्या घमेल्यात पडलेली वांगी मात्र गुळगुळीत, एकापेक्षा एक! देवीदास एक वांगं नाकाला लावून त्याच्याकडे टक लावून बसला होता.

तिने त्याचा हात धरला. देवीदास दचकून मागे सरकला.

"कोन होय? बाई, हात सोडा! घरवाली आत हाय."

"मीच हाव घरवाली!"

त्याने तिचा हात पुन्हा चाचपला. "हा तुहा हात नोहे."

"तुमाले दिसत नाई का मी? आन हे काय करून राहिले?"

देवीदासने वांगं खाली ठेवलं. "निवडून राहिलो. पंधरा वर्सं झाले. एकदा तू किडक्या वांग्यावर दोनदा अंगठा फिरवला आन 'न्या' म्हनलं. म्या पायलं. तुले कसं सांगू? मंग मीच छेदाचे काढू लागलो. पन आता मोतीबिंदू झाला. छेदच दिसत नाई व."

पंधरा वर्षं अंगठा माणिकबाईचा होता आणि नजर याची होती. आधी तिला भयंकर राग आला, मग रडू आलं, आणि मग दीडशे पानांची आठवण आली. तिने टोपलं आणि घमेलं दोन्ही पालथी केली आणि एकेक वांगं स्वतः निवडलं.

रोडगे झाले. अळी निघाली नाही. संध्याकाळी मास्तरांनी भर बाजारात सांगितलं, "हात तो हातच!" गीतांजलीबाई मेथी घेऊन गेल्या आणि जाताना गजालाच्या पार्लरचा पत्ता विचारून गेल्या.

देवीदासच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. तोवर "मी घरात बसू काय?" असं तो एकदाच म्हणाला होता, आणि माणिकबाईला तेवढं पुरलं. आता हर्रासीतला माल उतरला की ती दाराआडच किडकी वांगी काढून टाकते आणि टोपलं गुपचूप त्याच्यापुढे ठेवते. तो तासभर निवडतो.

"आजकाल माल लय चांगला येऊन राहिला," तो म्हणतो. "चारपाचच किडके निघाले."

"तुमची नजर हाय म्हनून," ती म्हणते.

मग तो ती चारपाच वांगी घमेल्यात टाकतो. दोनदा निवडलेली वांगी खाणारी बकरी अकोल्यात ती एकच असेल.