टिंबांसकट दिलगिरी

मंत्रीसाहेबांच्या दिलगिरीचा मसुदा त्यांच्या स्वीय सहायकाकडे कायम तयार असे. साहेबांनी तोंड उघडलं की कुणीतरी दुखावलं जाई, आणि हे इतक्या नेमाने घडे की दर वेळी नवं लिहिण्यात अर्थ नव्हता. 'माझ्या कालच्या विधानामुळे ........ यांच्या भावना दुखावल्या असल्यास मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो.' टिंबांच्या जागी दंतवैद्य, भाडेकरू, टक्कल पडलेले नागरिक, जे लागेल ते भरायचं. साहेबांची तीन खाती बदलली, मसुदा तोच राहिला.

या वेळी मात्र मुख्यमंत्र्यांनी बजावलं होतं, "आणखी एक भानगड झाली, की खुर्ची गेली समजा." संध्याकाळी फेरबदलाची यादी निघायची होती. नशिबाने आदल्या दिवशीच साहेबांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी दोन दिवस मौन सांगितलं. सहायकाने मनातल्या मनात डॉक्टरांना हात जोडले.

सकाळी त्याने 'घशाच्या त्रासामुळे आजचे कार्यक्रम रद्द' एवढी टीप वार्ताहरांना पाठवली. निदान त्याला तसं वाटलं. गेला होता मसुदा. टिंबांसकट.

दहा मिनिटांत पहिल्या वार्ताहराचा फोन. "साहेब काल काय बोलले?"

"काही नाही."

"मग माफी कशाची?"

सहायकाकडे उत्तर नव्हतं. विरोधी पक्षनेत्यांकडे होतं. साहेब जे बोलले ते सभ्य माणसाला उच्चारता येणार नाही, असं सांगून त्यांनी ते उच्चारलं नाही आणि राजीनामा मागितला. दुपारपर्यंत त्या टिंबांवर अकरा संघटनांनी हक्क सांगितला. "ती टिंबं आमचीच," ग्रंथपालांचे अध्यक्ष फोनवर रडवेले झाले होते. "आम्हाला कायम असंच गाळतात हो!"

सहायक धावत बंगल्यावर गेला. साहेब वही-पेन घेऊन कोचावर बसले होते.

"साहेब, आठवून बघा. काल कुणाला काही बोललात?"

'नाही. आईशप्पथ,' साहेबांनी लिहिलं. मग खाली, अगदी बारीक अक्षरात, 'गेली ना खुर्ची?'

सहायकाला भरून आलं. "चूक माझी, साहेब. मी राजीनामा देतो."

'रांगेत उभा राहा. आधी मी.'

इतक्यात वहिनी आत आल्या. काल सकाळपासून त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांचं त्या किती मनावर घेतात, याचं साहेबांना कौतुक वाटत होतं.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माफी मागितलीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तीही जाहीर! नाव घातलं नाहीत, पण मला कळलं."

साहेबांनी वहीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"महिनाभर खपून मफलर विणला. काल तुमच्या गळ्यात घालायला गेले, तर काय म्हणालात? 'हे पायपुसणं गळ्यात कशाला?'"

'ते घरातलं बोलणं. ते धरत नाहीत,' साहेबांनी घाईघाईने लिहिलं. सहायकाने वही हिसकावून घेतली.

"वहिनी, हे बाहेर कॅमेऱ्यांसमोर सांगाल?"

त्यांनी सांगितलं, अगदी रंगवून. शेजारी रणरणत्या उन्हात साहेब तो हिरवा-तपकिरी मफलर गुंडाळून घाम गाळत मान हलवत होते. बायकोची जाहीर माफी मागणारा मंत्री कुणी पाहिला नव्हता. विरोधी पक्षनेते त्या दिवशी लवकर घरी गेले. संध्याकाळच्या यादीत साहेबांचं नाव जिथल्या तिथे होतं. "असेच गप्प राहा," मुख्यमंत्री फोनवर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा आवाज परतला, आणि फाटकाशी घोषणा सुरू झाल्या.

"कोण रे ते?"

"पायपुसणी विणणारे, साहेब. त्यांनी काल टीव्हीवर मफलर पाहिला. आपल्या मालाला त्या मफलरच्या पंक्तीला बसवलं, म्हणून चिडलेत."

साहेबांना हसू फुटलं. "तसं त्यांचं काही चूक ना—"

मागे वहिनी उभ्या होत्या. हातात विणायच्या सुया आणि अर्धा झालेला स्वेटर.

साहेबांनी तोंड मिटलं, वही ओढली आणि लिहिलं, 'मसुद्याच्या दोन प्रती काढ. आणि या वेळी टिंबं भर.'