भारद्वाज आधी कोणी पाहायचा?

एका जंगलात एक कॉलनी होती. हसू नका, मुलांनो. कॉलनीत जंगल चालतं, मग जंगलात कॉलनी का चालू नये?

तर त्या कॉलनीच्या मागे करवंदाची जाळी होती. जाळीत नरहरपंत भारद्वाज राहायचे. काळंभोर अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे. दिसायला रुबाबदार, पण स्वभावाने अगदीच गरीब. सकाळी उठावं, पाचोळ्यातून फिरावं, एखादा सरडा, दोन गोगलगायी, चार सुरवंट मिळाले की घरी आणावेत, एवढाच त्यांचा संसार. घरी बायको द्वारकाबाई आणि तीन पिल्लं. तिघांची तोंडं सदा उघडी. त्यांना दुसरं काम नव्हतं, तुमच्यासारखंच.

कॉलनीतल्या सगळ्यांकडे मोबाइल होते आणि मोबाइलवर एक ग्रूप होता. नाव ‘आज कोण दिसलं?’. कोल्हा कॉलनीचा सेक्रेटरी, म्हणून ग्रूपही त्याचाच. सुरुवातीला सगळं साधं होतं. कोणी लिहायचं, ‘टाकीपाशी मुंगूस दिसलं!’ की खाली मुंगूस लिहायचं, ‘मीच तो. पाणी भरत होतो.’ कोणी लिहायचं, ‘आमच्या न्हाणीत घोरपड!’ की खाली उत्तर, ‘वहिनी, आमच्याकडे पाणी आलं नव्हतं. सांगून आले होते.’

मग एक दिवस अस्वलगुरुजींनी लिहिलं, ‘सकाळी भारद्वाज दिसला. दुपारी मला मधाचं पोळं सापडलं. शुभ!’

आता अस्वलगुरुजींना रोज दुपारी मधाचं पोळं सापडायचं. तीस वर्षं सापडत होतं. पण विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी जाळीपाशी अकरा जण आले. तिसऱ्या दिवशी सगळी कॉलनी लोटली. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाला नुसतीच हौस. एवढ्या पायांचा धपधपाट ऐकून कोणता सरडा थांबेल? सगळे बिळात पळाले. गोगलगायीसुद्धा पळाल्या. गोगलगायी! म्हणजे गर्दी किती असेल बघा.

कोल्ह्याने वेलींचे दोर बांधून रांग केली. पंत सुरवंट उचलायला वाकले की तो ओरडायचा, “पंत, मान वर! मागच्यांना चेहरा दिसत नाहीये!”

पंत बिचारे मान वर करायचे. तेवढ्यात सुरवंट पसार व्हायचा.

संध्याकाळी द्वारकाबाईंनी विचारलं, “अहो, हे काय? एकच सुरवंट? आणि तोही अर्धा?”

“अर्ध्यावर हत्तीचा पाय पडला,” पंत म्हणाले.

“कालही काही नाही, आजही काही नाही. इकडे बघा. धाकट्याने आज तोंडच उघडलं नाही.”

पंतांनी पाहिलं. धाकटं कोपऱ्यात मान टाकून पडलं होतं. जो दिसला की जगाचं भलं होतं, त्याच्या घरात पिल्लू उपाशी! ही कुठली रीत?

दुसऱ्या दिवशी पंत दगडावर चढले आणि हात जोडून, म्हणजे पंख जोडून, म्हणाले, “मंडळी, कृपा करा. तुमच्या गर्दीने शिकार पळते. माझी पोरं उपाशी आहेत हो!”

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “अगंबाई, बोलतो पण!”

सगळ्यांनी मोबाइल वर केले. पंतांचा व्हिडिओ घरोघर गेला. खाली लिहिलं होतं, ‘बोलणारा भारद्वाज. दुप्पट शुभ.’ दुसऱ्या दिवशी गर्दीही दुप्पट.

पंत शेवटी सिंहाकडे गेले. राजा आहे, न्याय करेल. पंतांना दारात बघताच सिंह आनंदाने उठूनच उभा राहिला.

“वा! भारद्वाज! सकाळी सकाळी, घरपोच!”

“महाराज, माझी तक्रार...”

“तक्रार नंतर. आधी शिकार. आज दिवस चांगला जाणार!” असं म्हणून महाराज निघालेसुद्धा.

आणि खरंच चांगला गेला. शंभर पावलांवर त्यांना एक लठ्ठ ससा मिळाला. मिळाला म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं. पुढे जाऊ.

पण घोटाळा असा, की तो ससा पंतांचं दर्शन घेऊनच परत चालला होता. रांगेत पहिला होता बिचारा. तोंडात पेढा होता.

ग्रूपवर खळबळ उडाली. भारद्वाज महाराजांनीही पाहिला, सशानेही पाहिला. महाराजांना जेवण मिळालं आणि ससा जेवण झाला. असं कसं? कोल्ह्याने लिहिलं, ‘सशाने डाव्या डोळ्याने पाहिलं असणार.’ हरणाने लिहिलं, ‘सशाचे डोळे दोन बाजूंना असतात, त्याने काय करावं?’ कोल्ह्याने हरणाला ग्रूपमधून काढलं.

जाळीत द्वारकाबाई हे सगळं वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचे डोळे चमकले.

“अहो, सशाने तुम्हाला आधी पाहिलं ना?”

“हो.”

“आणि महाराजांनी मागून?”

“हो. मग?”

“मग काय, घ्या तो मोबाइल हातात. मी सांगते ते लिहा.”

पंतांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “पण हे धडधडीत खोटं आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी खोटं बोललं नाही.”

“तुमच्या सात पिढ्यांच्या पोटात सरडे जात होते,” द्वारकाबाई कडाडल्या. “माझ्या लेकराच्या पोटात काय गेलंय, सांगा! लिहा म्हणते ना!”

पंतांनी लिहिलं. ‘आमच्या घराण्यात चालत आलेली गोष्ट. भारद्वाजाला जो आधी पाहतो, त्याचं त्या दिवसाचं नशीब मागून पाहणाऱ्याला मिळतं. ससा आधी, महाराज मागून. बाकी आपण सुज्ञ आहात. दहा जणांना पाठवा.’

सगळ्यांनी वीस वीस जणांना पाठवलं.

सकाळी पंत भीत भीत जाळीतून बाहेर आले. बघतात तो काय, गर्दी तेवढीच, पण सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले! दर्शन सर्वांना हवंच होतं. फक्त दुसऱ्या नंबरचं हवं होतं.

स्वतः महाराजही आले होते, डोळ्यांवर पंजा ठेवून.

कोल्हा सवयीने म्हणाला, “महाराज, पहिला मान आपला.”

“छे, छे!” महाराज घाईघाईने म्हणाले. “प्रजेच्या आधी राजाने लाभ घ्यावा? शोभतं का ते? गुरुजी, तुम्ही वडीलधारे. तुम्ही बघा.”

“बघितलं असतं हो,” अस्वलगुरुजी म्हणाले, “पण चष्मा घरी राहिला. सेक्रेटरी आहेत की.”

“माझे आजच डोळे आलेत,” कोल्हा म्हणाला. “हत्तीदादा, तुम्ही मोठे.”

“मनाने मी फार लहान आहे,” हत्ती म्हणाला.

“आधी आपण.”

“नाही नाही, आधी आपण.”

“अहो, असं कसं? आधी आपणच.”

हळूहळू सगळे गप्प झाले. आवाज केला की आपलं नाव पुढे येईल, ही भीती. कोणी पाय हलवेना. पाचोळा वाजेना. इतकी शांतता झाली की झालं तरी काय, हे बघायला सरडे बिळातून बाहेर आले.

पंतांनी पहिला सरडा महाराजांच्या शेपटीपाशी धरला. दुसरा अस्वलगुरुजींच्या दोन पायांमधून ओढला. हत्तीच्या पावलाशेजारून पाच सुरवंट वेचले, सगळे अख्खे. कोणी बघितलं नाही. बघायची कोणाची छातीच नव्हती.

घरी धाकट्याच्या चोचीला सरडा लावला. आधी एक डोळा उघडला. मग तोंड उघडलं. मग असं उघडलं, की थोरल्या दोघांच्या वाटणीचंही त्यानेच गिळलं आणि वर आणखी मागितलं. द्वारकाबाई रडल्या. पंतही रडले. धाकटं फक्त खात होतं.

पुढे शेजारच्या जंगलातले पाहुणे ही कॉलनी बघायला आले. गर्दी असून ढकलाढकल नाही, जो तो दुसऱ्याला पुढे करतोय, राजासुद्धा! पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कॉलनीला ‘आदर्श सुसंस्कृत वसाहत’ असा पुरस्कार दिला. कोल्ह्याने तो डोळे मिटूनच स्वीकारला.

तात्पर्य: ‘माझी पोरं उपाशी आहेत’ असं सांगितलं की लोक मोबाइल वर करतात. ‘तुमचं नशीब शेजाऱ्याला मिळेल’ असं सांगितलं की सुसंस्कृत होतात. म्हणून मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण पोरांची जेवणं झाल्यावर.