आधीचा नंबर

"मन लागत नसेल, तेव्हा दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू नकोस. आधी स्वतः त्या खुर्चीत बस," काका सांगायचे.

केस कापायचं दुकान काकांनी पुतण्याच्या हवाली केलं, त्याबरोबर हे वाक्यही. गल्लीत पुतण्याला सगळे वस्ताद म्हणत. हल्ली मात्र वस्तादांचं कशातच मन नव्हतं. कारण विचाराल तर काहीच नाही. घरात दुखणं नाही, गिऱ्हाइकांची ददात नाही. पण सकाळी शटर वर करताना डोंगर उचलल्यासारखं वाटे. काका पाय मोडून घरात पडले होते. 'येऊन केस कापून देतो' असा शब्द त्यांना दिला होता, तोही रोज उद्यावर जात होता.

त्या सकाळी वस्तादांना काकांचं वाक्य आठवलं. ते खुर्चीत बसले, गळ्याशी कापड बांधलं आणि बसलोच आहोत तर म्हणून कात्री उचलली. डावी बाजू जरा जास्त गेली, म्हणून उजवी घेतली. आरशात बघून हात भलतीकडेच जाई. बरोबरी करता करता कानांवरचे केस संपले आणि कात्री वर सरकली. देव सद्बुद्धी देतोच, पण माणसाच्या हातात कात्री असली की तिला पोचायला जरा उशीर होतो.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. वस्तादांनी गडबडीने टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढला.

बेकरीवाले आत आले. वस्ताद कुठे गेले, असं त्यांनी विचारलं, तेव्हा टॉवेलखालून जाड आवाजात "येतील एवढ्यात" असं उत्तर आलं. मागोमाग निवृत्त मास्तर आले. खुर्चीतले एक, मग मी, मग तुम्ही, असे नंबर बेकरीवाल्यांनी लावून दिले. गिऱ्हाईक अर्धवट सोडून जाण्यापर्यंत आता याची मजल गेली, असं मास्तर म्हणाले, आणि विषय निघालाच. बेकरीवाल्यांचा कान मागच्या खेपेला थोडक्यात वाचला होता. मास्तरांची एकाच गालाची दाढी करून 'झालं' म्हणून सांगितलं होतं. बायकोने पाहीपर्यंत त्यांनाही ते पटलं होतं. पूर्वी हा गुणगुणत कात्री चालवायचा, यावर दोघांचं एकमत झालं.

"माझं सोडा हो," मास्तर म्हणाले. "काल त्याच्या काकांना भेटलो. केस मानेवर आलेत. म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवू का? तर नको म्हणाले, पोरगा येतो म्हणालाय. बाहेर जरा वाजलं की बिचारे कंगवा घेऊन सरसावून बसतात."

टॉवेल किंचित हलला.

इतक्यात वस्तादांची बायको डबा घेऊन आली. "अहो, तोंड कशाला झाकलंय?" म्हणत तिने टॉवेल ओढला.

चहूकडे खुरटं आणि मधोमध एक झुपका. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कापलं कुणी?"

"मीच."

"मग मी पुढच्या महिन्यात येतो," म्हणत बेकरीवाले दाराकडे सरकले.

बायको पदर तोंडाला लावून बाकावर बसली. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस काय? काकांनीच सांगितलेलं," वस्ताद पुटपुटले.

"मी होते की तिथे. खुर्चीत बस म्हणाले, गिऱ्हाइकासारखं डोळे मिटून, निवांत. कात्रीचं तुम्ही जोडलंत."

वस्तादांनी आरशात पाहिलं. झुपक्यानेही त्यांच्याकडे पाहिलं. मग पोटातून जे हसू उसळलं, ते कितीतरी दिवसांचं साठलेलं असावं. डोळे पुसायला तोच टॉवेल लागला. त्यांनी मशीन घेऊन झुपकाही उतरवला. डोकं गुळगुळीत झालं. मशीन चालू असताना त्याच्या घरघरीत आणखी एक बारीक सूर ऐकू येत होता. मास्तरांनी दारातल्या बेकरीवाल्यांना हाताने खुणावलं. वस्ताद उठताच बेकरीवाले परत येऊन खुर्चीत बसू लागले.

"आता नंबर माझा ना?"

"नाही," वस्ताद कंगवा, कात्री पिशवीत टाकत म्हणाले. "तुमच्या आधी एक जण आहेत. कधीचे बसलेत."

"असेच जाणार? टोपी तरी घाला," बायको म्हणाली.

"नको. बघू देत काकांना."

आणि पिशवी काखेत मारून, गुणगुणत, वस्ताद काकांच्या घराकडे चालू लागले.