पंधरा मिनिटं पुढचं घर

तारखा सांभाळायला डोकं लागत नाही, तक्ता लागतो, असं भालचंद्र देवधरांचं ठाम मत होतं. फरीदाबादच्या एका कारखान्यात कुठला माल कधी बाहेर पडायचा, हे गेली अठरा वर्षं तेच ठरवत होते. त्यामुळे लेक तेजश्री दिल्लीच्या कॉलेजात हिस्ट्री ऑनर्सला लागली आणि पहिल्याच आठवड्यात चार निबंधांच्या तारखांचा कागद घेऊन घरी आली, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"तारखा माझ्याकडे, अभ्यास तुझ्याकडे," ते म्हणाले. "महिन्याला गाड्यांचे दोन हजार ॲक्सल वेळेवर रवाना होतात माझे. तुझे चार निबंध म्हणजे काय!"

रविवारभर बसून त्यांनी आलेखाच्या कागदावर तीन रंगांत तक्ता काढला आणि फ्रिजवर चिकटवला. पहिल्या निबंधासमोर लाल शाईत लिहिलं होतं: चौदा नोव्हेंबर. मूळ कागद त्यांच्या ऑफिसच्या फायलीत गेला, आणि फायलीत गेलेला कागद देवधरांकडे पुन्हा कुणी मागत नसे.

तेजश्रीला हे बरंच पडलं. फक्त एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, ती म्हणजे बाबांची तारीख खरी नसते. या घरात जन्मलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हॉलमधलं घड्याळ तिच्या जन्माच्या आधीपासून पंधरा मिनिटं पुढे होतं. सगळे त्यात पाहून पंधरा वजा करत आणि निवांत दुसरा चहा घेत. गाडी सातची असेल तर बाबा साडेसहाची सांगत. अलकामावशीच्या लग्नाला तर त्यांनी सगळ्यांना इतकं लवकर नेलं होतं, की मांडववाल्यांनी तेजश्रीच्या आईच्या हातात दोरीचं एक टोक दिलं, आणि आईने ते शालू सांभाळत बराच वेळ धरून ठेवलं.

"आई, तक्त्यात बाबांनी किती दिवस आधीची लिहिली असेल?" तिने एकदा विचारून घेतलं.

प्रभाताईंनी पोळी उलटली. "विजेचं बिल असेल तर आठ दिवस. निबंधालाही आठच धर."

म्हणजे बावीस तारीख! तेजश्रीने हिशेब मनात ठेवला आणि निर्धास्त झाली. चौदाला वर्गातल्या होस्टेलच्या मुली निबंध घेऊन स्टाफरूमकडे जाताना दिसल्या, तेव्हा तिला त्यांची कीवच आली. आठ दिवस आधी! किती पढाकू असावं माणसाने! तिने एकीला दारही उघडून दिलं.

वीस तारखेच्या रविवारी सकाळी भालचंद्रराव चहाचा कप घेऊन तक्त्यापुढे उभे राहिले.

"पहिल्यावर टिक मारतो," ते समाधानाने म्हणाले. "दिलास ना चौदाला?"

"अच्छा, मारा ना. परवा देणारच आहे."

"परवा?"

"यार बाबा, मला माहितीये. तुम्ही आठ दिवस आधीची लिहिता."

भालचंद्ररावांचा चेहरा पडला. मग जे बाहेर आलं ते असं. जुलैमध्ये त्यांच्या कारखान्याने एका जपानी कंपनीशी हातमिळवणी केली होती, आणि पाहुण्या साहेबांनी तीन दिवस शिकवणी घेतली होती. खोटी तारीख लिहिणारा माणूस, भल्यासाठी लिहिली तरी, सगळ्या कामाचा घात करतो, असं ते म्हणाले होते. भालचंद्ररावांना ते इतकं पटलं, की तेव्हापासून त्यांनी खरी तारीखच लिहायची असं ठरवलं. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

तेजश्री धावत जाऊन अर्धवट निबंध घेऊन आली. इतिहासाच्या अलकनंदा मॅमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, की जिचा पहिला निबंध उशिरा येईल तिचं नाव ऑनर्समधून काढून साध्या बीएच्या पासकोर्सला टाकलं जाईल. बीकॉम कर म्हणणाऱ्या बाबांशी दोन महिने भांडून तिने हे ऑनर्स मिळवलं होतं. ती रडली नाही, पण निबंधाची उरलेली आठ पानं तिने नाक ओढत ओढतच लिहिली. भालचंद्रराव दिवसभर शेजारी बसून समासाच्या रेघा मारून देत होते. बीकॉमचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

सोमवारी पहिल्या गाडीने ती कॉलेजात पोचली. स्टाफरूममध्ये अलकनंदा मॅम एकट्याच होत्या. तेजश्रीने निबंध पुढे केला आणि पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली. मॅमनी हात वर करून तिला थांबवलं, खणातून रजिस्टर काढलं, पाहिलं, आणि चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघितलं.

"तारीख़ तो आज ही है," त्या हळूच म्हणाल्या. "क्लास को मैं हफ़्ता पहले की बताती हूँ, वरना कोई वक़्त पर नहीं देता. तुम्हें असली तारीख़ किसने बताई?"

तेजश्रीच्या तोंडून निघून गेलं, "पापा ने, मैम."

"यूनिवर्सिटी में हैं?"

"नहीं मैम. ॲक्सल बनाते हैं."

मॅमनी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'वेळेवर' असं लिहिलं.

घरी ही हकिगत ऐकून भालचंद्ररावांना भरून आलं. खऱ्या तारखेचा विजय झाला असं त्यांनी जाहीर केलं. तो कसा झाला हे त्यांना समजावायचा प्रयत्न तेजश्रीने दोनदा केला आणि सोडून दिला. त्याच उत्साहात त्यांनी स्टुलावर चढून हॉलमधलं घड्याळ बरोबर लावलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी घड्याळात पाहिलं, सवयीने पंधरा वजा केले आणि निवांत दुसरा चहा घेतला. कंपनीची बस गेली. प्रभाताईंचं दूध उतू गेलं, आणि तेजश्रीची गाडी तिच्या डोळ्यांदेखत फलाटावरून सुटली.

त्या संध्याकाळी भालचंद्ररावांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून स्टूल ओढलं आणि घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटं पुढे केलं. सगळ्यांनी पाहिलं. मग ते लाल पेन घेऊन तक्त्यापाशी घुटमळले.

"तेजू, बाकीच्या तीन निबंधांचं काय करू?"

"लिहा ना, बाबा," तेजश्री म्हणाली. "पण नेहमीसारखी खोटी लिहा. म्हणजे मला बरोबर कळेल."