काशीबुवांचा कान

आमच्या वैशाखरे गावात काशीबुवांना "कसे आहात" असं विचारण्यात अर्थ नसतो. ते तुमचाच आवाज ऐकून निदान सांगतात. मी इथला शाळामास्तर, मला म्हणतात, "गुरुजी, रोज काळी एकमधी बोलता, आज पांढरी एकवर आलात. काय बिनसलंय?" भजनात पेटी वाजवण्यात हयात घालवलेला हा माझा शेजारी माणसं पट्टीवरून, म्हणजे आवाज पेटीच्या कुठल्या सुरावर बसतो त्यावरून ओळखतो. एसटीचा हॉर्न, म्हशीचं हंबरणं, कशाचीच सुटका नाही. सरपंचांना तर भर सभेत "तुमी पट्टी सोडली" म्हणाले होते.

अशा माणसाला गेल्या वर्षी साजेसं काम मिळालं. आवाजावर संशोधन करणाऱ्या एका बाईंनी आमच्याकडच्या बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती. सूर मोजणारी तीन सॉफ्टवेअरं कितपत अचूक आहेत, हे त्यांना तपासायचं होतं आणि ताडून बघायला एक खात्रीचा कान हवा होता. बुवांनी ऐकायचं, पेटीवर सूर लावून बघायचा आणि मी तक्ता भरायचा, असं ठरलं.

बुवा खुशीत होते. एका सॉफ्टवेअरने सत्तरीच्या आजीचा सूर थेट वरच्या सप्तकात नेऊन ठेवला. "म्हातारीची पोर केली यानं," म्हणून ते दिवसभर हसत राहिले.

मग पार्वतीवहिनींचं गाणं आलं. बुवांची बायको. रेकॉर्डिंगनंतर तीन महिन्यांत त्या वारल्या. एका ओळीच्या शेवटी तिन्ही सॉफ्टवेअरांनी रकाना कोरा ठेवला होता. म्हणजे इथे आवाजच नाही.

"हाय," बुवा भडकले. "काळी चार. लिवा तुमी."

मी पुन्हा पुन्हा ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही. तसं म्हटल्यावर ते उठून गेले आणि दोन दिवस फिरकले नाहीत. मलाही राग आला होता. बाईंचा सगळा तक्ता बुवांच्या खरेपणावर उभा होता. पण या माणसाकडे आता कानाखेरीज उरलं होतं काय? मी काळी चार लिहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले.

"खोडा ते, गुरुजी. यंत्र बरोबर हाय."

"मग तुम्हाला ऐकू आलं ते?"

"गानं मला पाठ. कानानं आपलंच भरून घेतलं." त्यांनी तक्त्यातल्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. "तिथं तिला दम लागलाय. ती गात व्हती तवा मी बाजूलाच बसलो व्हतो. अख्ख्या गावाचा आवाज वळखत फिरलो, नि हिचा दम तुटतोय ते मला कळलं नाय."

मी रकाना कोरा केला. बुवा दुपारपर्यंत माझ्या ओटीवर बसून होते. जेवायला थांबा म्हटलं, तर थांबले.