उठण्याची मंजुरी

एका म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवायचे, एवढेच काम होते. त्यासाठी चार सेकंद मंजूर झाले होते.

म्हातारा अ‍ॅनिमेशनपटातला होता, दीपगृहाचा राखणदार. तो उठला की दार उघडणार, दार उघडले की वादळ आत येणार आणि मग कथा पुढे सरकणार, अशी व्यवस्था होती. पण गेले पाच आठवडे तो रोज उठत होता आणि समिती त्याला रोज खाली बसवत होती. त्याला उठवणारी अ‍ॅनिमेटर अठरा वर्षे या धंद्यात मुरलेली बाई. तिने आजवर हत्तींना पोहायला लावले होते, किटल्यांना नाचवले होते. कुणी हूं की चूं केले नव्हते. माणूस हाती घेतला आणि घोडे अडले.

स्टुडिओची विश्वासार्हता समिती तिघांची होती. अध्यक्ष पूर्वी गाद्यांच्या जाहिराती करत. त्यामुळे माणसाच्या झोपण्याबाबत त्यांचा अधिकार निर्विवाद होता. उठण्याबाबतचा त्यांना पदाबरोबर मिळाला होता. दुसऱ्या गती-सल्लागार बाई. तिसरे गृहस्थ फक्त "मला जाणवत नाहीये" एवढेच म्हणत, आणि त्यासाठी त्यांची स्वतंत्र नेमणूक होती.

बाविसाव्या आवृत्तीवर शेरा आला : "उठणे आढळले. तथापि उठल्यासारखे वाटले नाही."

अ‍ॅनिमेटर घरी आली ती तडक सासऱ्यांसमोर मोबाइल धरून उभी राहिली. सासरे जन्मभर घड्याळे दुरुस्त केलेले. गुडघे कधीच बोलायला लागले होते, पण स्वतः ते त्याबद्दल फारसे बोलत नसत.

"बाबा, जरा खुर्चीतून उठून दाखवा ना."

"का गं? खुर्ची हवीय का?"

"नाही हो. तुम्ही कसे उठता ते बघायचंय."

सासरे कुल्ले सरकवत खुर्चीच्या कडेला आले, टेबलावर बोटांची टोके टेकली, अर्धे उठले, पुन्हा बसले, "थांब, चष्मा राहिला" म्हणून स्वतःशीच हसले आणि खेकड्यासारखे तिरके होत उभे राहिले. तिला रडूच यायचे बाकी राहिले, इतके ते खरे होते. आठवडाभर खपून तिने ती प्रत्येक हालचाल राखणदाराच्या अंगात उतरवली.

समितीने ती पाहिली. गती-सल्लागार बाईंनी पेन खाली ठेवले.

"म्हातारी माणसं उठताना हसत नाहीत."

"आणि तिरकी तर मुळीच होत नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

"मला जाणवत नाहीये," तिसरे म्हणाले.

ती चिडली. तिने सासऱ्यांचे मूळ चित्रणच पडद्यावर लावले. समितीने ते पुढे-मागे करून तीनदा पाहिले.

"कातडी उत्तम जमलीये," अध्यक्षांनी दाद दिली. "सुरकुत्या तर अप्रतिम. फक्त हालचाल नकली वाटते."

"सर, हे अ‍ॅनिमेशन नाही. हे माझे सासरे आहेत."

अध्यक्ष समजूतदारपणे तिच्याकडे वळले. "हे बघा, खरं असणं ही काही सबब होऊ शकत नाही. उद्या प्रत्येक जण खरा असल्याचं सांगत येईल. घेऊन या त्यांना."

सासऱ्यांना हालचाली संगणकात टिपण्यासाठीचा, अंगभर छोटे चेंडू चिकटवलेला काळा पोशाख चढवण्यात आला. ते हौसेने आले होते. पहिल्यांदा उठले तेही हौसेनेच. गती-सल्लागार बाईंनी मान हलवली.

"काका, तुम्ही म्हातारे वाटत नाही."

"एकोणऐंशी पूर्ण झाली हो."

"कागदोपत्री असतील. पण कंबरेवर हात कुठाय? कण्हणं कुठाय?"

"मी कण्हत नाही. सूनबाईला काळजी वाटते."

हे उत्तर विषयाला सोडून असल्याने नोंदवण्यात आले नाही. प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या दिवशी कंबर, दुसऱ्या दिवशी हातांची थरथर, तिसऱ्या दिवशी कण्हणे आणि उभे राहिल्यावर दूर कुठेतरी पाहणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासऱ्यांनी सुनेला हळूच विचारले, "अगं, इतकी वर्षं मी चुकीचाच उठत होतो का?" तिला हसू आले. उत्तर द्यायचे मात्र राहून गेले, कारण शॉट जमत आला होता.

तिसऱ्या दिवशी तो जमला. तिसऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "जाणवलं," ते म्हणाले आणि नेमणूक धोक्यात येईल या विचाराने लगेच सावरले.

चित्रपट लागला. तो शॉट आला तेव्हा अख्खे सभागृह हळहळले. "अगदी खरं!" कुणीतरी कुजबुजले. "आमचे आजोबा डोळ्यांसमोर आले."

त्याच क्षणी, नवव्या रांगेत, सासऱ्यांचा गुडघा खरोखरच धरला. त्यांनी पुढच्या खुर्चीवर बोटे टेकली, अर्धे उठले, पुन्हा बसले आणि ओशाळून हसत शेजाऱ्याला म्हणाले, "जरा हात देता का? फार दुखतंय हो."

"काका, बसा ना खाली! दिसत नाहीये," शेजारी म्हणाला.

सून दुसऱ्या बाजूलाच बसली होती. ती पडद्याकडे पाहत होती.

सासरे क्षणभर थांबले. मग त्यांनी कंबरेवर हात ठेवला, हात थरथरवला आणि तिसऱ्या दिवशी शिकवले होते तसे लांबलचक कण्हले. चहूबाजूंनी माणसे धावली. कुणी दंड धरला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. सूनही दचकून वळली. "बाबा! दुखतंय होय? मग सांगायचं नाही का?"

सासरे दूर कुठेतरी पाहत राहिले. तेही तिसऱ्या दिवशी शिकवलेलेच होते, पण आता तेवढे मात्र कुणी शिकवलेले वाटत नव्हते.

त्यांना दारापर्यंत पोहोचवून तुम्ही तुमच्या जागेवर परतलात आणि पलीकडच्याला म्हणालात, "बिचारे! पाहिल्याबरोबर कळलं मला." त्याआधी "दिसत नाहीये" म्हणालात, तेही तुम्हीच.